कानवाल्या बाईंचे बारा बुधवार

सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर एक्स-रेची रांग ओलांडून सरळ गेलं की एक दार लागतं, आणि त्या दाराच्या आत आणखी एक दार. आतली खोली म्हणजे एक मोठं कपाटच. भिंतींना भोकाभोकांचे पत्रे, खाली जाड सतरंजी, एक खुर्ची आणि समोर दुहेरी काचेची खिडकी. दोन्ही दारं लावली की ट्रॉलीची खडखड, पोरांची रडारड, शिपायाचा खोकला, सगळं बंद. इथे लोकांना किती ऐकू येतं ते मोजतात. काचेच्या अलीकडे यंत्राशी बसून ते मोजण्याचं काम सतरा वर्षं एकच बाई करत आल्यात, आणि दवाखान्यात लहानथोर सगळे त्यांना कानवाल्या बाई म्हणतात.

कुणाला वाटेल, अशी खोली हाताशी असल्यावर माणूस कधीतरी आत शिरून मनसोक्त ओरडून घेत असेल. बाईंनी असलं काही एकदाही केलं नाही. रुग्ण अंगावर येवोत, साहेब डाफरोत, यंत्र बंद पडो, बाईंच्या तोंडावर तेच बारीकसं हसू आणि तेच दोन शब्द: "हरकत नाही." दवाखान्यात त्यांच्या शांतपणाचे दाखले द्यायचे. शेजारीपाजारी त्यांना गरीब गाय म्हणायचे. नवरा तर आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचा, "हिचं कशालाच काही म्हणणं नसतं." मग पाहुणे आपापल्या बायकांकडे बघायचे.

काम सोपं दिसतं, पण नाही. माणसाला आत बसवायचं, हेडफोनची लाल बाजू उजव्या कानावर, निळी डाव्या कानावर लावायची, हातात एक बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज ऐकू आला की दाबा. कितीही बारीक असला तरी दाबा. नाही आला तर दाबू नका." हे शेवटचं वाक्य कुणी ऐकत नाही. लोकांना वाटतं ही परीक्षा आहे. साठीचे गृहस्थसुद्धा पास व्हायला धडपडतात आणि आवाज नसताना पटापट बटण दाबत सुटतात. बाईंना ते काचेपलीकडून लगेच कळतं. खोटं दाबणारा झटपट आणि ठामपणे दाबतो, वर हसून बघतो. ज्याला खरंच अगदी बारीक ऐकू आलेलं असतं, तो थबकतो. भुवया आकसून घेतो. आपल्याला आलं की नाही याची स्वतःशीच चौकशी करतो, आणि मग उशिराने, चाचरत दाबतो. बाई त्या चाचरणाऱ्या बटणावर विश्वास ठेवतात. बाकीचं खोडून पुन्हा घेतात.

आणि गंमत बघा, कान दुखायला लागला तो त्यांचाच.

कानाच्या साहेबांनी उजेड मारून पाहिलं आणि म्हणाले, "कान ठणठणीत आहे, बाई. जबडा दाखवून घ्या." दातांच्या डॉक्टरांनी पाहिलं, तर मागची दाढ उभी चिरलेली. "झोपेत दगड चावता काय?" असं विचारून त्यांनी रात्री दातांवर चढवायची प्लॅस्टिकची पट्टी करून दिली. चार महिन्यांत बाईंनी ती चावून आरपार केली. दुसरी दिली, तिचीही तीच गत. डॉक्टरांनी ती पट्टी बोटांत धरून उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "माझ्या कुत्र्याने चपलेचं असंच केलं होतं." ते हसले. बाईही हसल्या. मग त्यांनी तिसरी पट्टी दिली आणि एक चिठ्ठी लिहून बाईंना तिसऱ्या मजल्यावर पाठवलं.

तिसऱ्या मजल्यावर मनाचा विभाग. तिथल्या फळ्यावर एक कागद टाचलेला होता: 'विवाहित स्त्रियांसाठी अल्पकालीन मनोगतिक उपचार आणि भावनिक नियंत्रण: एक अभ्यास. बारा बैठका, दर बुधवारी.' शब्द असे की वाचतानाच धाप लागावी. बाईंना त्यातलं एकच कळलं, की इथे नियंत्रण शिकवतात. त्यांना जरा हसूच आलं. तेवढं एक तर त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण चिठ्ठी घेऊन वर आलो, तसंच खाली कसं जायचं? समोरच्या डॉक्टरांना वाईट वाटेल. म्हणून त्यांनी नाव नोंदवलं.

आता घरचं सांगायला हवं, कारण दाढ तिथे चिरली होती.

नवरा नगररचनेच्या कार्यालयात नकाशे काढायचा. माणूस वाईट नाही. हात उगारणं, दारू, असलं काही नाही. आयुष्यात एकच खोड: दुसऱ्याच्या वतीने उत्तर द्यायची. बाईंना काय आवडतं, काय चालतं, कुठे जायचंय, हे तोच सांगायचा, आणि इतक्या आपुलकीने सांगायचा की खोडून काढणं उद्धटपणाचं वाटावं. त्याची मोठी बहीण, बाईंच्या वन्सं, दुसऱ्या गावी टपाल कार्यालयात होत्या. एकट्याच. गुडघे गेलेले. तीन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या, आणि नवऱ्याने फोनवर सांगून टाकलं होतं, "एक तारखेला इकडेच ये, कायमची. हिला चालतंय." बाई तेव्हा ओट्याशी भांडी विसळत होत्या. पाणी बंद करून त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि हसल्या.

घर दोन खोल्यांचं. बंद करून घेतलेल्या गॅलरीत नववीतली मुलगी राहायची. जागा पलंगाएवढी, पण दार होतं, आणि दाराला आतून कडी. ती गॅलरी आता वन्संना जाणार होती. नवऱ्याने त्याचा रीतसर नकाशा काढला, मापासकट. वन्संचा पलंग गॅलरीत, मुलीची गादी बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली, तिचं टेबल फ्रीजमागच्या बोळकांडीत. कोपऱ्यात सुबक अक्षरांत 'एक तारखेपासून' असं लिहिलं आणि नकाशा चुंबकाने फ्रीजवर लावला. दूध काढायला फ्रीज उघडला की तो डोळ्यांसमोर. मुलीने तो पाहिला आणि म्हणाली, "चालेल मला." बाईंनी दूध काढलं आणि फ्रीज लावला. बाराव्या बुधवारानंतर चारच दिवसांनी ती एक तारीख होती.

पहिल्या बुधवारी मनाच्या डॉक्टरांनी एक फॉर्म दिला. या डॉक्टर पन्नाशीच्या, कायम सर्दी झालेल्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. फॉर्मवर बारा वाक्यं. 'राग आला तरी मी चेहऱ्यावर दिसू देत नाही.' 'रडू आलं तर मी दुसऱ्या खोलीत जाते.' प्रत्येकापुढे चार चौकोन, कधीच नाही पासून नेहमी पर्यंत. बाईंनी 'नेहमी'च्या रांगेत बरोबरच्या खुणा केल्या. एकाच ठिकाणी 'बऱ्याचदा' केलं, उगाच फुशारकी दिसू नये म्हणून. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस. शाळेतही एवढे कधी पडले नव्हते.

"सांगा," डॉक्टर नाक पुसत म्हणाल्या.

बाईंनी कान सांगितला, दाढ सांगितली, नकाशा सांगितला.

"नकाशाचं सांगताना हसलात तुम्ही."

"सवय आहे."

"वन्सं येणार, त्यावर तुम्हाला काय वाटतं?"

"यांना बहिणीची काळजी आहे हो. एकटी आहे ती."

"हे त्यांचं झालं. तुम्हाला?"

"मुलगी समजूतदार आहे माझी, ती करेल तडजोड."

"ते मुलीचं. तुम्हाला?"

"वन्संचे गुडघे..."

बाईंचे सगळे नातेवाईक संपले.  खिडकीबाहेर कुणीतरी चादरी झटकत होतं, तिकडे त्या बघत बसल्या. निघताना डॉक्टर फॉर्म हातात घेऊन म्हणाल्या, "एक सांगून ठेवते. हे मार्क नाहीत. आकडा जितका मोठा, तितकं ओझं जास्त."

आता इथे बाईंनी जे केलं ते बाईंनीच करावं. त्यांना वाटलं, ही बिचारी एवढी सर्दीने बेजार, वर तिला अभ्यासाचा अहवाल द्यायचाय. आपला आकडा उतरलाच नाही तर तिच्यावर नाही का येणार? म्हणून दुसऱ्या बुधवारी त्यांनी चव्वेचाळीस आणले. तिसऱ्याला एक्केचाळीस. मग अडतीस, मग पस्तीस. दर वेळी तीन कमी, दुधात पाणी घालावं तसं बेताबेताने. डॉक्टर विचारायच्या, "बरं वाटतंय का?" बाई म्हणायच्या, "खूपच." आणि खाली उतरून चार वाजताच्या रुग्णाला हेडफोन लावायच्या. घरी जाईपर्यंत पाय भरून यायचे. जबडा ठणकायचा. तिसऱ्या पट्टीवर दातांचे वण उमटले होते.

सहाव्या बुधवारी डॉक्टरांनी सहाही फॉर्म टेबलावर ओळीने मांडले. सत्तेचाळीस, चव्वेचाळीस, एक्केचाळीस, अडतीस, पस्तीस, बत्तीस.

"हा जिना बघा," त्या म्हणाल्या. "एकेक पायरी सारखी. तुमच्या खोलीत असा कागद आला असता तर काय केलं असतं?"

बाईंच्या कानशिलाशी रक्त चढलं. "फाडला असता," त्या म्हणाल्या. "माणसाचा कागद असा नसतो. वरखाली होतो."

"मग हा कुणी काढला?"

"मीच. तुमचं चांगलं व्हावं म्हणून." आणि मग त्यांना स्वतःचंच हसू फुटलं, अगदी खरं. "खोटी बटणं दाबली हो मी. आयुष्यभर लोकांना पकडलं, आणि स्वतः..."

"तुमच्याकडे खोटं दाबणारा आला की तुम्ही काय करता?"

"काही नाही. रागवत नाही. आवाज बंद ठेवते. बराच वेळ काहीच वाजवत नाही. मग तो दाबतो, पुन्हा दाबतो, आणि त्याचं त्यालाच कळतं."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि गप्प बसल्या.

बाईंना आधी वाटलं, नाक पुसून बोलतील. पण त्या बोलल्याच नाहीत. एक मिनिट गेलं. बाईंनी हवेबद्दल काहीतरी म्हटलं. डॉक्टर गप्प. बाईंनी सर्दीवर वाफ घ्यायला सुचवलं. डॉक्टर गप्प. मग बाईंचीही बटणं संपली, आणि त्या शांततेत त्यांना दुसरी एक शांतता आठवली.

वडील कारखान्यात रात्रपाळीला होते. दिवसा झोपायचे. एका खोलीचं घर, मधे पडदा, पडद्यामागे वडील. घरात आवाज करायचा नाही, हा एकच नियम. भांडी कपड्यात गुंडाळून उचलायची, खोकला उशीत खोकायचा. बाई थोरल्या. धाकट्या भावाच्या तोंडावर हात ठेवायचं काम त्यांच्याकडे. त्या नऊ वर्षांच्या असताना भावाने त्यांच्या वहीची पानं फाडली, आणि त्या ओरडल्या. साध्यासुध्या नाही, बेंबीच्या देठापासून ओरडल्या. वर ताटली भिंतीवर फेकली. वडील उठले. काही बोलले नाहीत, पाणी प्यायले आणि पडून राहिले, पण झोप गेली ती गेलीच. संध्याकाळी कामावर गेले. सकाळी परत आले तेव्हा उजव्या हाताला पांढरं गुंडाळलेलं होतं आणि दोन बोटं नव्हती.

"कुणी मारलं का तुम्हाला?" सगळं ऐकून डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. आई एवढंच म्हणाली, की झोप झाली नव्हती त्यांची." बाई रुमाल शोधू लागल्या. "कुणीतरी एक थोबाडीत दिली असती तर फिटलं तरी असतं."

"बोटं गेली ते यंत्र कसं होतं?"

"हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळीच काढून टाकलेली होती. आधीही दोघांची बोटं गेली होती त्यावर. हे मला पुढे कळलं. विशीतच कळलं."

"मग?"

"मग काय? दाढेला कुठे कळलं?"

त्या दिवशी बाई रडल्या, आणि दुसऱ्या खोलीत गेल्या नाहीत. डॉक्टर म्हणाल्या की तेव्हापासून राग आला की आतली नऊ वर्षांची मुलगी धावत येऊन तोंडावर हात ठेवते, कुणाची तरी बोटं जातील म्हणून. बाईंना ते पटलं. पटलं म्हणून बरं वाटलं असं मात्र नाही. जिना उतरताना कठड्याला धरून त्या दोनदा थांबल्या.

त्यानंतरचे बुधवार कंटाळवाणे गेले. फॉर्म डॉक्टरांनी बंद केला, आता शेवटच्या बुधवारीच भरायचा. सातव्याला काही झालं नाही. आठव्याला डॉक्टरांनाच जांभई आली. लोक म्हणतात एकदा गाठ सुटली की सगळं भराभर उलगडतं. लोकांना काय जातंय म्हणायला? फ्रीजवर नकाशा होता तसाच होता. नवऱ्याने त्यात गॅलरीच्या खिडकीला जाड पडदाही दाखवला होता, वन्संना ऊन सोसत नाही म्हणून.

नवव्या बुधवारी डॉक्टर आल्या त्याच चाळीस मिनिटं उशिरा. कसलीशी बैठक लांबली होती. बाकावर बसलेल्या बाई उठून म्हणाल्या, "हरकत नाही."

"हाताकडे बघा तुमच्या."

बाईंनी पाहिलं. पिशवीचा बंद बोटाभोवती एवढा करकचून गुंडाळलेला की बोट पांढरंफटक पडलं होतं.

"राग आलाय का माझा?"

"वाईट वाटलं जरा."

"वाईट वाटणं वेगळं. राग आलाय?"

बाई थबकल्या. भुवया आकसल्या. मग उशिराने म्हणाल्या, "आलाय."

"किती?"

"तुमचा तो रुमाल खिडकीबाहेर फेकावासा वाटतोय. खाली चारचा रुग्ण ताटकळतोय माझा. तुम्ही निरोप तरी द्यायचा." आवाज चिरकला. तोंडून निघालं आणि बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या डॉक्टरांच्या हातांकडे बघू लागल्या.

डॉक्टरांनी दोन्ही पंजे समोर धरले. "दहाही आहेत," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. निरोप द्यायला हवा होता."

अकरावा बुधवार झाला आणि पुढच्या रविवारी सकाळी नवऱ्याने मोजपट्टी काढली. टेबल बोळकांडीत बसतं का ते बघायचं होतं. पट्टीचं एक टोक त्याने धरलं, दुसरं मुलीने. बाई दारात टॉवेलला हात पुसत उभ्या होत्या.

"अडीच इंच कमी पडतायत," नवरा म्हणाला. "टेबलाची कड कापून घेऊ. काय गं, लिहायला पुरेल ना?"

"चालेल मला," मुलगी म्हणाली. पटकन. ठामपणे. वर हसून बघितलं. आणि तिच्या कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, एक बारीकशी गाठ उठली आणि बसली. बाईंनी ती पाहिली. तशी गाठ त्यांनी आरशात वर्षानुवर्षं पाहिली होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "नाही चालणार."

"तिला चालतंय म्हणतेय ती."

"मला नाही चालणार."

"तुला?" भिंतीतल्या कपाटाने तोंड उघडावं तसा नवरा बघू लागला.

मग जे झालं ते काही फार शोभेचं नव्हतं. बाईंना भांडायची सवय नव्हती, त्यामुळे कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, दोन्ही कळलं नाही. वन्संनी कायमचं यायला नको, हे त्यांनी सांगितलं. मुलीची खोली जाणार नाही, हे सांगितलं. तिथे थांबायला हरकत नव्हती. पण मग मला कधीच काही विचारलं नाहीत हे आलं, त्यातून पंधरा वर्षांपूर्वीची कुठलीशी सहल निघाली, त्यातून पडद्यांचा रंग निघाला. आवाज घोगरा झाला. मुलगी मोजपट्टीचं टोक धरून तशीच उभी.

"मग आधी का नाही बोललीस?" नवरा शेवटी म्हणाला.

प्रश्न रास्त होता.  "नाही बोलले," त्या म्हणाल्या. "आता बोलतेय."

"मी ताईला शब्द दिलाय."

"मी सांगते वन्संना."

नवऱ्याने मोजपट्टी सोडली, ती सळसळत आत गेली. त्याने गाडीची किल्ली घेतली आणि दार आपटून गेला. बाई तिथेच खुर्चीवर बसल्या. रागाच्या भरात गाडी चालवतोय. झालं. आता फोन येणार. त्यांना वडिलांचा पांढरा हात दिसायला लागला. असंच बसून राहिलो तर वेड लागेल म्हणून त्यांनी फोन उचलला आणि वन्संना लावला.

सगळं ऐकून वन्सं लगेच म्हणाल्या, "बरं. चालेल. काही हरकत नाही."

बाईंनी डोळे मिटून घेतले. दोन गावांमधल्या तारेवरूनही त्यांना ते बटण ओळखू आलं. फोन ठेवून देता आला असता. सोपं होतं.

"वन्सं, चालेल म्हणू नका," त्या म्हणाल्या. "बोला मला काय बोलायचं ते."

आणि वन्सं बोलल्या. चांगली दहा मिनिटं बोलल्या. आईच्या माघारी भावाला मी वाढवलं, आणि आज तू मला उंबऱ्यावरून परत पाठवतेस? घर तुझ्या एकटीचं आहे का? कपाट, पलंग, सगळं वाटून टाकलं मी. आता चटईवर झोपू? शेवटी त्या रडल्या, आणि त्यांनीच फोन आपटला. बाईंना वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्यांनी परत फोन करून "या" म्हटलं नाही.

दीड तासाने किल्लीचा आवाज आला. नवरा आत आला, चपला काढल्या आणि हात धुवायला गेला. बाई त्याच्या मागे गेल्या आणि नळाखालच्या हातांकडे बघत राहिल्या. एका हाताची पाच, दुसऱ्याची पाच.

"काय बघतेस?" तो गुरगुरला.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "जेवून घ्या."

बाराव्या बुधवारी फॉर्मवर एकोणचाळीस आले. बाई संकोचल्या. "चढलाय हो. बत्तीसवरून."

"हा पहिला आकडा माझ्या उपयोगाचा," डॉक्टर म्हणाल्या. चष्म्याच्या काडीला नवा दोरा होता. "घरी कसं आहे?"

"कसं असणार? हे मोजकं बोलतात. वन्संनी तिकडेच खालच्या मजल्यावर खोली बघितली. माझा फोन उचलत नाहीत. नकाशा काढला यांनी फ्रीजवरून, घडी करून खणात ठेवलाय." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "लोक म्हणतात मन मोकळं झालं की हलकं वाटतं. मला नुसतं दमल्यासारखं वाटतंय. दोन पोती उचलल्यासारखं."

"किती वर्षं उचलत होतात?"

"मोजायला नको," बाई म्हणाल्या. मग जाताना दारात वळल्या. "पुढच्या बुधवारी इथे यायचं नाही, याचाही राग आलाय मला."

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या आणि रुमालात शिंकल्या.

एक तारीख आली आणि गेली. बाईंनी वन्संना दोनदा पत्र टाकलं. टपालात आयुष्य गेलेल्या बाईला पत्र तरी पोचेल, असा हिशेब. तिसऱ्या आठवड्यात एक ओळ आली: 'रविवारी घरी आहे.'  वन्संसमोर एकटीने बसायचं, त्यांच्या चटईकडे बघायचं, या विचारानेच जबडा आवळला. संध्याकाळी त्या गॅलरीच्या दारात गेल्या. कडी लावलेली नव्हती. मुलगी टेबलाशी गणितं सोडवत होती.

"रविवारी आपण दोघी आत्याकडे जाऊन येऊ," बाई म्हणाल्या. "चालेल ना?"

मुलीची पेन्सिल थांबली. तिने वहीवरून डोळे उचलले नाहीत. भुवया जरा आकसल्या. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. बाईंना वाटलं ऐकलंच नाही हिने, आणि त्या पुन्हा विचारणार एवढ्यात मुलगी हळूच, चाचरत म्हणाली, "नाही."

बाईंच्या जिभेवर एकदम आलं: एवढं केलं तुझ्यासाठी, आणि तू एवढंही नाही करणार? दोन्ही बाजूंच्या दाढा एकमेकींवर बसल्या. मग 'हरकत नाही' आलं, पण तेही खोटं होतं. हरकत होती. बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. त्या फार दमल्या होत्या.

"मला राग आलाय थोडा," त्या म्हणाल्या. "पण नको येऊस. मी जाईन एकटी."

मुलीने मान वर करून आईकडे नीट बघितलं. हसली मात्र नाही. मग तिने वहीचं पान उलटलं आणि पुढचं गणित घेतलं.